आम्ही काय शिकतों?

शाळेंतून घरीं परतणाऱ्या मुलास वडील माणसें एक प्रश्न नेहमीं विचारतात : "आज काय शिकलास?" आणि मूलहि त्याचें ठरलेलें उत्तर देतें : "कांहीं नाहीं." ह्यांत कोणाचाच दोष नाहीं. विचारणारा सहज विचारतो, उत्तर देणारा भुकेला असतो. परीक्षा झाल्यावर तोच प्रश्न रूप पालटून येतो : "किती मिळाले?" ह्याचें उत्तर मात्र आम्हांस चटकन् देतां येतें, कारण तें आंकड्यांत असतें. मिळाले किती हें सांगणें सोपें, शिकलों काय हें सांगणें कठीण. ह्या दोन प्रश्नांमध्यें केवढें अंतर आहे, हें आम्हांस एका वृद्ध बाईनें दाखवून दिलें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

यंदां आम्ही माध्यमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तेंत आहों. भाषा, गणित, शास्त्र, इतिहास, भूगोल ह्या विषयांतील शेंकडों प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं आजवर लिहिलीं, आणि तीं बरोबर आलीं म्हणून कौतुकहि करून घेतलें. परंतु गेल्या वर्षीं असा एक प्रश्न पुढें आला कीं, त्याचें उत्तर आमच्याच वहींत असून आम्हांस तें देतां आलें नाहीं. तेव्हांपासून मनांत घोळत असलेला विचार ह्या वार्षिकाच्या वाचकांपुढें, म्हणजे आमच्या शाळाबंधुभगिनींपुढें व त्यांच्या मातापित्यांपुढें, नम्रपणें मांडीत आहों.

१. आजींचा प्रश्न

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत आम्ही चौघे वर्गबंधु नांदेडाहून किल्लारीस गेलों. आमच्यापैकीं एकाचें तें आजोळ. किल्लारी हें गांव लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांत, लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं तेथें भूकंप झाला. गणपति विसर्जन करून दमलेले गांवकरी गाढ झोंपेंत होते. लातूर जिल्हा व शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, ह्या दोहोंत मिळून सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि बावन्न गांवें जमीनदोस्त झालीं. पुढें हीं गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं.

ही सर्व माहिती आम्हांस पाठ होती. सुट्टीच्या आधींच सहामाही परीक्षा झाली होती व तींत भूकंपावर टीप लिहावयाची होती. भूकवचाच्या हालचाली, नाभि, अपिकेंद्र, प्राथमिक व दुय्यम लहरी हें सारें क्रमवार लिहून आम्हां चौघांसहि त्या प्रश्नाचे पैकींच्या पैकीं गुण मिळाले होते.

संध्याकाळीं आमच्या सोबत्याची आजी अंगणांत बसली होती. तिच्या घरचीं चार माणसें त्या पहाटे गेलीं. तिनें आम्हांस जवळ बोलावून विचारलें, "काय रे लेकरांनो, भूकंपाचा धडा हाय म्हनं तुमच्या पुस्तकात?"

"होय, आजी. आम्हांला पूर्ण गुण मिळाले त्यांत," आमच्यांतील एकानें मोठ्या उत्साहानें सांगितलें.

"मग मला एक सांगा. आमचा वाडा दगडी होता. भिंती दोन हात रुंद. गावात आमच्या घराला लोक भक्कम म्हनायचे. तेवढा पडला. अन् पलीकडं एका मजुराची पत्र्याची खोली होती, लाथ मारली तर पडंल अशी. ती उभी ऱ्हायली अन् त्याचीं लेकरं वाचली. असं का झालं?"

आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. एकानें धीर करून भूकवचाच्या हालचालींविषयीं सांगण्यास आरंभ केला. आजींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "ते जमिनीच्या खालचं झालं, बाळा. मी वरचं इचारायले."

आम्ही निरुत्तर झालों. आजी रागावल्या नाहींत. "शिकलात की सांगा," एवढेंच म्हणाल्या व चुलीकडे गेल्या. आमचे पैकींच्या पैकीं गुण त्या अंगणांत कांहींच कामाचे नव्हते.

२. उत्तर कोठें होतें?

सुट्टी संपल्यावर आम्हीं हा प्रश्न शास्त्राच्या गुरुजींपुढें ठेविला. त्यांनीं उत्तर सांगितलें नाहीं. "नववीच्या शास्त्राच्या पुस्तकाचा पहिला पाठ उघडा," एवढेंच ते म्हणाले. तो पाठ गतीच्या नियमांचा होता. न्यूटनचा दुसरा नियम आम्हांस तोंडपाठ होता : बल म्हणजे वस्तुमान गुणिलें त्वरण. त्या सूत्रावर गाड्यांचीं व चेंडूंचीं पुष्कळ उदाहरणें आम्हीं सोडविलीं होतीं. घरावर मात्र एकहि सोडविलें नव्हतें.

गुरुजींनीं फळ्यावर माळवदाची आकृति काढविली. मराठवाड्यांतील जुन्या घरांचें छप्पर कसें असतें हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत घर गार राहतें, पावसांत गळत नाहीं. गळूं लागलें तर पावसाळ्यापूर्वीं वर आणखी माती टाकतात. जुनी माती काढून टाकण्याची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं. अशानें तो थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो.

मग आम्हीं हिशेब केला. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा एका खोलीवर अर्धा मीटर जाड माती आहे असें समजूं. ती माती ६ घनमीटर होते. एका घनमीटर मातीचें वजन दीड टन धरलें तरी त्या एका खोलीवर ९ टन, म्हणजे ९,००० किलो भार झाला. तेवढ्याच खोलीवर पत्रे घातले तर त्यांचें वजन १०० किलोहि भरत नाहीं. भूकंपांत जमीन जेव्हां आडवी हलते तेव्हां दोन्ही घरांस सारखाच हिसका बसतो, म्हणजे त्वरण तेंच. परंतु वस्तुमान नव्वदपट असल्यामुळें माळवदाच्या घरावर येणारें बलहि नव्वदपट होतें. तें सहन करावयाचें कोणीं? तर भिंतींनीं.

आणि भिंती? त्या रुंद होत्या, पण एकजीव नव्हत्या. बाहेरून एक दगडी थर, आंतून दुसरा, आणि मध्यें गोटे व मातीची भर. दोन्ही थरांस एकत्र जखडणारे, भिंतीच्या ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत पोंचणारे लांब दगड बहुतेक भिंतींत घातलेले नव्हते. दगड सांधणारी मातीहि हिसक्यासरशी सुटली. मग बाहेरचा थर बाहेर कोसळला, आंतला थर आंत निजलेल्या माणसांवर आला, आणि त्यावर छपराची माती. दोन हात रुंद भिंत म्हणजे वस्तुतः शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन अशक्त भिंती होत्या. लोकांनीं रुंदीस बळकटी समजावें ह्यांत नवल नव्हतें. एरव्हीं पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतींनींच ऊन, पाऊस व चोर ह्यांपासून त्यांचें रक्षण केलें होतें.

आजींच्या प्रश्नाचें उत्तर असें आमच्या हातीं आलें. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कळली कीं, हें उत्तर आम्हांपाशीं आधींपासूनच होतें. भूकंपाचा पाठ भूगोलाच्या पुस्तकांत, बलाचा नियम शास्त्राच्या पुस्तकांत, गुणाकार गणितांत, आणि माळवद आजोळीं. चारहि गोष्टी एकाच वर्षीं, एकाच दप्तरांत असून त्यांची एकमेकींशीं भेट झाली नव्हती. वेळापत्रकांत विषय निरनिराळ्या तासांत बसविलेले असतात, कारण तशी सोय लागते. आम्हीं मात्र असें समजलों कीं जगांतहि ते निरनिराळेच राहतात.

३. पुस्तकेंहि शिकतात

एकदां कुतूहल जागें झालें म्हणजे तें एका उत्तरावर थांबत नाहीं. किल्लारीस भूकंप होईल असें विद्वानांस आधीं कां वाटलें नाहीं, हा आमचा पुढचा प्रश्न होता.

दख्खनचें पठार हें पृथ्वीच्या जुन्या व स्थिर भागांपैकीं एक मानलें जात असे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगर येथें मोठा भूकंप झाला तेव्हां ह्या समजुतीस पहिला जबर धक्का बसला. पण त्याचा संबंध कोयना धरणाच्या जलाशयाशीं जोडण्यांत आला. मराठवाड्यास कोणी धोक्याचा प्रदेश म्हटलें नाहीं. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशांत किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रांत दाखविलेला होता. १९९२ सालीं तेथें लहान धक्के बसले होते व लोक घाबरलेहि होते. पण पुढें ते थांबल्यावर भीति ओसरली.

१९९३ नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें किल्लारीस ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतलें. वरचे ३३८ मीटर काळा खडक, म्हणजे जुन्या लाव्हाचे थर. त्याखालीं आठएक मीटर गाळाचा पातळ थर. आणि त्याखालीं अतिप्राचीन पायाचा खडक. जो काळा दगड फोडून आम्ही घरें बांधतों व ज्याची झीज होऊन आमची काळी जमीन झाली, तो तेथें तीनशें मीटरांहून अधिक जाड आहे. आणि ज्या जुन्या भेगा त्याखालीं दडलेल्या असतात त्या वरून पाहणारास दिसत नाहींत. पुढें २००२ सालीं सुधारलेल्या नकाशांत हा भाग तिसऱ्या क्षेत्रांत घालण्यांत आला.

ह्यावरून कोणी असें म्हणेल कीं शास्त्रज्ञ चुकले, तेव्हां पुस्तकावर विश्वास कशास ठेवावा? आम्हांस तसें वाटत नाहीं. चूक दिसतांच जमीन विंधून पाहणें आणि आपला नकाशा आपणच सुधारणें हेंच शास्त्राचें खरें सामर्थ्य आहे. पुस्तकें लिहिणारे अजून शिकत आहेत, हें कळल्यापासून शिकणें हें केवळ लहानांचें काम आहे असें आम्हांस वाटेनासें झालें.

आणि हा विषय जुनाहि झालेला नाहीं. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली, परभणी व नांदेड ह्या जिल्ह्यांत जमीन हादरली, तेव्हां पुष्कळ लोक घराबाहेर धांवले. त्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती, किल्लारीची सुमारें ६.२ होती. हे दोन आंकडे जवळजवळचे दिसतात. पण ह्या मोजणींत एका अंकाच्या वाढीनें बाहेर पडणारी शक्ति सुमारें बत्तीसपट होते, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास त्यांतील अंतर समजणार नाहीं. आंकडा वाचतां येणें निराळें, आंकडा समजणें निराळें.

४. गणिताचा तास आणि पाण्याची गाडी

आंकड्यांचें आणखी एक उदाहरण लातूरचेंच देतों. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा नदीवरील धरण कोरडें पडलें व लातूर शहरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पश्चिम महाराष्ट्रांतील मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर चालून पहिली गाडी १२ एप्रिल रोजीं पहाटे लातुरास पोंचली. ती पाहण्यास लोक स्थानकावर जमले होते. गाडीस दहा टाक्या, प्रत्येक टाकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. एकूण पांच लाख लिटर! हा आंकडा ऐकून ऊर दडपतो.

आतां भागाकार करून पाहूं. २०११ च्या जनगणनेंत लातूर शहराची लोकसंख्या सुमारें ३ लाख ८२ हजार होती. पांच लाख लिटर पाणी तेवढ्या माणसांत वांटलें तर माणशीं सव्वा लिटरच्या थोडें वर, म्हणजे एक तांब्या. पुढें पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. त्या एका गाडीचें पाणी माणशीं साडेसहा लिटर भरलें. शहरांतील माणसास दिवसास १३५ लिटर पाणी लागतें असें नगररचनेंत धरतात. म्हणजे पन्नास टाक्यांची भली मोठी गाडीहि शहराच्या एका दिवसाच्या गरजेचा सुमारें विसावा हिस्सा भागवूं शके.

हा भागाकार चौथ्या इयत्तेंतला आहे. परंतु तो केल्याबरोबर आमच्या लक्षांत आलें कीं, एवढी धडपड मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठीं होती, आणि आगगाडीनें शहराची तहान कायमची भागत नसते. मग पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात : धरणांत गाळ किती आहे? ऊसासारखें तहानलेलें पीक कोठें व किती घ्यावें? आपल्या घराच्या छपरावर पडणारा पाऊस कोठें जातो? भूगोल, शेती, नागरिकशास्त्र हीं सर्व त्या एका भागाकारांतून निघतात. गोदेच्या कांठीं राहणाऱ्या आम्हां नांदेडकरांस पाण्याचा प्रश्न दूरचा वाटे. त्या दिवशीं हिशेबाच्या वहींत तो जवळ आला.

५. कोणत्या भाषेंत शिकावें?

किल्लारीच्या आजींचें बोलणें ऐकून आमच्यापैकीं एकास हंसूं आलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. "इचारायले" हा शब्द पुस्तकांत नाहीं. पण आजींनीं तोच शब्द वापरून जो प्रश्न विचारला त्यानें आमची पुस्तकी भाषा निरुत्तर झाली. तेव्हांपासून बोलीस हंसण्याचें आम्हीं सोडून दिलें, व भाषेचा इतिहास जाणून घेण्याचें मनांत आणलें.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. त्या काळीं वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. इतर विद्यापीठें इंग्रजींतून शिकवीत असतां देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठाच प्रयोग होता. त्यासाठीं शास्त्रीय ग्रंथांचीं भाषांतरें झालीं, नवे शब्द घडविले गेले. परंतु ती देशी भाषा मराठी, तेलुगु व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांची मातृभाषा नव्हती. नांदेड किंवा लातूरकडील मराठी मुलास वरच्या वर्गांत जाण्यापूर्वीं परकी भाषा आत्मसात् करावी लागे, आणि पुष्कळांचें शिक्षण त्याच उंबरठ्यावर थांबे.

ह्यांत उर्दूचा अपराध नाहीं. ती गोड भाषा आहे, आणि मराठवाड्याच्याच औरंगाबादेनें तिला सिराज औरंगाबादीसारखा कवि दिला. आमच्या दप्तरांत पाहिलें तरी तिचा व तिच्या नात्यांतील फारसी-अरबीचा शेजार दिसतो : दप्तर, कागद, शाई, हजेरी, अर्ज हे सारे शब्द तिकडूनच आले आहेत. तक्रार एवढीच होती कीं, मुलानें आपला पहिला विचार आपल्या आईच्या भाषेंत करावा ही सवलत त्यास नव्हती.

ती सवलत मिळविण्यासाठीं लोकांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. लातूरपासून फार दूर नसलेल्या हिप्परगा ह्या खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें तिचे मुख्याध्यापक झालेले व्यंकटेश खेडगीकर हेच नंतर स्वामी रामानंद तीर्थ ह्या नांवानें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९३५ सालीं त्यांनीं आपलें शिक्षणकार्य अंबाजोगाईस नेलें. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत "वंदे मातरम्" म्हटल्यावरून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, तेव्हां त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादचें संस्थान भारतांत आलें, आणि १९९४ च्या त्याच तिथीस नांदेड येथें जें विद्यापीठ सुरू झालें त्यास ह्याच शिक्षकाचें नांव आहे.

ह्या सनावळ्या आम्ही परीक्षेसाठीं पाठ करतों. पण आमच्या पणजोबांच्या पिढीस जो पाठ मराठींतून शिकण्यास मिळाला नाहीं तो आम्हांस मिळतो, आणि तोहि आम्ही अर्थ न समजतां घोकतों, हा विचार मनांत आला तेव्हां ते सन निराळेच दिसूं लागले. ज्या भाषेंत शिकण्यासाठीं कोणी झगडलें, त्या भाषेंत नुसती पोपटपंची करणें ही त्यांच्या श्रमांची फेड नव्हे.

६. पाठांतराविषयीं दोन शब्द

एवढें वाचून कोणी विद्यार्थी पाठांतर सोडून देईल, तर तो आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. न्यूटनचा नियम आम्हांस पाठ नसता, तर गुरुजींनीं पुस्तक उघडण्यास सांगूनहि कांहीं उजेड पडला नसता. पाढे येत नसते तर पाण्याच्या गाडीचा भागाकार झाला नसता. शेतकरी घरांत कणगी भरून बीं ठेवतो तसें पाठांतर आहे. कणगी रिकामी असेल तर मृगाच्या पावसांत पेरणार काय? परंतु कणगींतच राहिलेलें बीं पीक देत नाहीं, आणि कालांतरानें त्यास कीड लागते.

आमच्या भागांत "लातूर पॅटर्न" हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे. अभ्यासक्रम लवकर संपविणें, मग चांचणीमागून चांचणी घेणें, प्रत्येक चूक दाखवून ती पुन्हां सोडवून घेणें, ह्या पद्धतीनें लातूरच्या महाविद्यालयांनीं बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत नांव मिळविलें. पुढें वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठीं दूरदूरचीं मुलें तेथें येऊन राहूं लागलीं. दुष्काळी भागांतील शेतकऱ्यांचीं मुलें ह्या परिश्रमांमुळें डॉक्टर व इंजिनियर झालीं, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यापैकींहि कित्येक पुढील वर्षीं तेथें जातील. त्या पद्धतीस नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाहि नाहीं. चूक शोधून पुन्हां प्रयत्न करणें हा तिचा गुण तर आम्हीं घ्यावाच. पण परीक्षक विचारील तेवढेंच शिकावयाचें असें ठरविलें, तर आजींसारख्यांनीं विचारलेल्या प्रश्नांस उत्तर कोण देणार? परीक्षा दोनतीन तासांची असते. अंगणांतले प्रश्न जन्मभर पुरतात.

आणि परीक्षेंत अपयश आलेल्या आमच्या मित्रांसाठीं नांदेडचेंच एक उदाहरण. थोर विचारवंत नरहर कुरुंदकर हे नांदेडच्या एका हायस्कुलांत शिक्षक होते व पुढें पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इतिहास, नाट्यशास्त्र, राजकारण, साहित्य अशा नाना विषयांवर त्यांनीं लिहिलें. महाविद्यालयांत असतां इंटरच्या परीक्षेंत ते अनुत्तीर्ण झाले होते. ह्या गोष्टीचा आधार घेऊन कोणी आळस करूं नये. कारण परीक्षेनें त्यांस अडविलें तरी त्यांनीं वाचन अडूं दिलें नाहीं. गुणपत्रक हें एका दिवसाचें छायाचित्र आहे, माणसाचें चरित्र नव्हे, एवढेंच आम्हांस त्यावरून सांगावयाचें आहे.

७. उपसंहार

उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही चौघे पुन्हां किल्लारीस गेलों. ह्या वेळीं वही बरोबर होती. पण ती उघडावी लागली नाहीं. अंगणांत खडे व माती घेऊन आम्हीं एक लहानशी भिंत रचली, तिच्यावर मातीनें भरलेलें घमेलें ठेविलें, आणि खालची फळी हलविली. भिंत दोन्हीकडे फुटून पडली. मग घमेल्याच्या जागीं नुसता पुठ्ठा ठेवून तसेंच केलें. भिंतीचे वरचे दोनचार खडे निसटले. बाकी ती उभी राहिली. नव्वदपटीचा हिशेबहि सांगितला. आजी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे दरसाल आम्ही माती टाकीत होतो, ती आमच्याच डोक्यावर टाकीत होतो."

त्या वाक्यास पुस्तकांत उत्तर नव्हतें. आम्ही खालीं मान घालून बसलों. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "तुमच्या घरावर काय हाय रे?"

आमच्यापैकीं तिघांचीं घरें नांदेड शहरांत आहेत. चौथ्याच्या गांवीं मात्र अजून जुनें माळवद होतें व त्याखालीं त्याचे आजोबा निजत असत. त्यानें परत येतांच वडिलांस सर्व समजावून सांगितलें. वडिलांनीं आधीं हंसून सोडून दिलें. पण फळ्यावरचा हिशेब कागदावर पाहिल्यावर ते स्वतः शिडी लावून वर चढले व थराची जाडी मोजून आले. पावसाळ्यापूर्वीं ती माती उतरली आणि वर पत्रे बसले. पत्र्यांवर दगड ठेवण्याची रीत असते तीहि त्यांनीं मोडली व पत्रे आंकड्यांनीं जखडले. दहा वर्षांच्या शिक्षणांत आम्हीं पुष्कळ बक्षिसें पाहिलीं. पण ती उतरलेली माती पाहून जो आनंद झाला तसा पूर्वीं झाला नव्हता.

शाळाबंधूंनो, पाठ करा. पण पाठ झालेली गोष्ट आपल्या घरांत, रानांत, रस्त्यावर कोठें दिसते हें एकदां तरी शोधून पाहा. एका विषयाची वही दुसऱ्या विषयाच्या वहीशेजारीं उघडून ठेवा. न समजलेलें "समजलें" म्हणूं नका. तसें म्हटल्यानें आम्हांस गुण मिळाले होते, उत्तर मिळालें नव्हतें.

आणि मातापित्यांस हात जोडून एक विनंति. "किती मिळाले?" हें अवश्य विचारावें, आम्हांस त्याचा राग नाहीं. परंतु त्यानंतर एकदां तरी मुलास जवळ बसवून म्हणावें, "तूं जें शिकलास तें मला आपल्या घरांत दाखव." त्यास दाखवितां आलें तर तुम्हांसहि कांहीं नवें कळेल. नाहीं आलें, तरी हरकत नाहीं. किल्लारीच्या आजींनीं आम्हांस दिली तशी सहा महिन्यांची मुदत त्यास द्यावी.